ग्वेल्फमधलं पिवळं कार्ड

सांगलीहून निघताना माझ्या सामानात तीन किलो भडंग, चार स्वेटर आणि एक दोनशे पानी वही होती. वहीवर मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, 'कामावरचं इंग्रजी'. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर नोकरदारांसाठी मी जो ऑनलाइन वर्ग सुरू केला, त्याचं हे नाव. माझ्याकडे येणाऱ्यांना 'माय नेम इज' शिकवावं लागत नाही. त्यांचं इंग्रजी चांगलंच असतं, तरी कामावर कुठेतरी घोडं पेंड खातं. ते कुठे खातं हे शोधायचं आणि ज्याच्या त्याच्या मापाचा धडा बेतून द्यायचा, हा माझा उद्योग. अडचण एवढीच की गेली सहा वर्षं मी माणूस समोर उभा न करता, नुसता फोटो बघून मापं घेत होते. ज्या जागी ही माणसं बोलतात ती जागाच मी कधी पाहिली नव्हती.

माझे तीन विद्यार्थी कॅनडात आहेत, एक ओटावात, एक ग्वेल्फला आणि एक लंडनला. (हे लंडन निराळं. तिथेही थेम्स नावाची नदी आहे, पण राणीचा राजवाडा नाही.) तिघांनीही "मॅडम, या की" असा आग्रह धरला आणि मी तो खरा मानला. आमचे हे म्हणाले, "तीन माणसं बोलतात कशी ते ऐकायला इतक्या लांब? फोन लावून ऐक की." पण फोनवर माणूस बाईंशी बोलतो तसं बोलतो. साहेबाशी बोलतो तसं नाही.

निघायच्या आठवड्यातच भाचीचं लग्न झालं. कासाराने नवरीबरोबर आम्हा सगळ्या बायकांचे हात भरले आणि माझ्या दोन्ही हातांत चार-चार हिरव्या काचेच्या बांगड्या चढवल्या, चांगल्या घट्ट. त्यांचं पुढे काम आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

ओटावा

ओटावात मी मंदारकडे उतरले. मंदार नागपूरचा. कनाटा भागात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. पहिल्या दिवशी त्याच्याबरोबर बसने निघाले आणि एका गोष्टीने मला वेड लावलं. बसमधून उतरणारा प्रत्येक माणूस ड्रायव्हरला "थँक यू" म्हणत होता. मागच्या दारातून उतरणारेसुद्धा, तेही ओरडून. मी मोजत बसले. अकरा माणसं उतरली आणि अकरा आभार झाले. आमच्याकडे एसटीतून उतरताना आपण कंडक्टरशी बोलतो ते सुट्ट्यांबद्दल. मीही उतरताना ठसक्यात "थँक यू" म्हटलं. ड्रायव्हरने हात वर केला आणि माझा दिवस छान गेला.

मंदारची रोज सकाळी दहा मिनिटांची मीटिंग असते. तो घरून काम करतो त्या दिवशी मी पलीकडच्या खुर्चीत, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बसले. आठ माणसं एकेक करून बोलली. मला वाटलं होतं, जो तो आपण काय पूर्ण केलं ते सांगेल. त्यांनी सांगितलं ते निराळंच.

मीटिंग संपल्यावर मंदार म्हणाला, "मॅडम, इथे 'झालं' म्हणणाऱ्यापेक्षा 'अटकलं' म्हणणाऱ्याला मान आहे. मले हे समजायलाच एक वर्ष लागलं. मी आपला रोज 'ऑल गुड' म्हणून राहिलो होतो."

"आणि आत काय होतं?"

"आत बोंब होती ना," तो हसत म्हणाला.

मी वहीत लिहिलं, 'अडलंय हे सांगण्याचं इंग्रजी.' लिहिलं खरं, पण त्याचा अर्थ तेव्हा मला पुरता कळला नव्हता. चार दिवसांनी रेल्वेने टोरांटोला आणि तिथून बसने ग्वेल्फला गेले. पानं झडलेली रानं, मक्याची कापलेली शेतं, मधूनच धान्याची लाल कोठारं, असा तो सगळा रस्ता होता.

ग्वेल्फ, पहिले दोन दिवस

ग्वेल्फ लहान आणि मनात भरणारं गाव आहे. फिकट पिवळसर दगडाच्या जुन्या इमारती, टेकडीवर दोन मनोऱ्यांचं मोठं चर्च, खाली नदी, नदीवर छप्पर घातलेला लाकडी पूल. पुलाला छप्पर कशाला, असं मी माझ्या इथल्या विद्यार्थ्याच्या, सुहासच्या मुलीला विचारलं. इरा सात वर्षांची आहे. मी मराठीत विचारते आणि ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं दोघींचंही त्यात काही अडत नाही. ती म्हणाली, पुलाला थंडी वाजू नये म्हणून. तिथला वारा अंगावर घेतल्यावर मला ते पटलं.

सुहास माझा जुना विद्यार्थी. वीस वर्षांपूर्वी ज्युनिअर कॉलेजात माझ्या वर्गात होता, शेवटून दुसऱ्या बाकावर. पुढे डेअरीचं शिक्षण घेतलं, आमच्याच भागातल्या दूध प्रकल्पात दहा वर्षं काढली, मग इथल्या विद्यापीठात एक वर्षाचा कोर्स करून गावाबाहेरच्या एका कारखान्यात क्वालिटीच्या खात्यात लागला. कारखान्यात सूप आणि सॉस बनतात. बायको केतकी एका दवाखान्यात रिसेप्शनवर अर्धा वेळ काम करते.

पहिल्या संध्याकाळी केतकीने ज्वारीची भाकरी आणि मेथीचं पिठलं केलं. मी भडंगाची पिशवी फोडली. आमच्याकडे पावसाळ्यात भडंग दोन दिवसांत चिवट होतो, इथल्या कोरड्या हवेत उघडा ठेवला तरी कुडुमकुडुम वाजतो. भडंगासाठी कॅनडासारखा देश नाही, असं मी जाहीर केलं. सगळे हसले, पण सुहास हसला नाही. जेवण झाल्यावर त्याने एक कागद माझ्यापुढे ठेवला.

"मॅडम, माझा सहा महिन्यांचा रिव्ह्यू. बाकी सगळं गुड आहे. हे बघा."

एका चौकटीत लिहिलं होतं की कम्युनिकेशन सुधारायला हवं, आणि त्याच कारणासाठी त्याला पर्मनंट न करता तीन महिने वाढवून दिले होते.

"ते तीन महिने या महिन्याअखेरीला संपतात," केतकी म्हणाली. "पर्मनंट झाला तर पुढचे कागद अप्लाय करता येतील. नाहीतर वर्क परमिट संपतंय आमचं. इराची शाळा, सगळंच मग..." तिने वाक्य सोडून दिलं आणि ताटं उचलली.

"मॅडम, तुम्ही मला दोन आठवड्यांत काय वाट्टेल ते शिकवा," सुहास म्हणाला. "ब्रेंडाला वाटलं पाहिजे की याचं इंग्लिश इम्प्रूव्ह झालं."

ब्रेंडा म्हणजे त्याची वरिष्ठ. दुसऱ्या दिवशी मी सुहासला तासभर बोलायला लावलं. त्याने कामाच्या फोनवरची बोलणी ऐकवली, ईमेल दाखवले. मी पेन हातात घेऊन चुका टिपायला बसले आणि पान कोरंच राहिलं. पोरगा उत्तम बोलत होता. 'कुड यू प्लीज', 'आय वॉज वंडरिंग इफ', सगळं जिथल्या तिथे, मी शिकवलेलं. मला आधी अभिमान वाटला आणि मग मी बुचकळ्यात पडले. कपडा अंगावर बरोबर बसलाय आणि गिऱ्हाईक तर म्हणतंय काचतो.

"मला तुझा कारखाना बघायचाय," मी म्हणाले.

ग्वेल्फ, तिसरा दिवस

ब्रेंडाने लगेच परवानगी दिली. साठीच्या आसपासची, आखूड पांढऱ्या केसांची, दोरीला चष्मा अडकवलेली बाई. तिने माझा हात हातात घेतला, सुहासच्या शिक्षिका म्हणजे आमच्याही शिक्षिका, असं काहीतरी छान म्हणाली आणि पाहुण्यांनी भरायचा एक फॉर्म पुढे करून कामाला निघून गेली.

आता मी आयुष्यभर मुलांना सांगत आले की वाचल्याशिवाय सही करू नका. तो फॉर्म मी वाचला नाही. वाचल्यासारखं केलं आणि ठोकली सही. दागिने काढायचे एवढं सुहासने सकाळीच सांगितलं होतं. मंगळसूत्र, कुड्या, अंगठी, घड्याळ मी कपाटात ठेवलं. बांगड्या ठेवल्या नाहीत. काचेची बांगडी मला कधी दागिना वाटलेलीच नाही, ती हाताचाच भाग वाटते. शिवाय त्या निघत नव्हत्या. शिवाय लग्नाच्या बांगड्या परक्या देशात उतरवायच्या हे माझ्या मनाला पटत नव्हतं. अशी तीन कारणं माझ्याकडे होती, म्हणजे खरं कारण एकही नव्हतं. मी त्या स्वेटरच्या बाहीत वर सारल्या आणि वरून त्यांचा पांढरा कोट घातला. केसांना जाळी लावल्यावर आरशात मी लग्नातल्या आचाऱ्यासारखी दिसत होते.

आत शिरण्याआधी हात धुवायचे असतात. सिंकपाशी मी बाह्या वर केल्या आणि हिरव्या बांगड्या खळकन मनगटावर आल्या. सुहासने पाहिलं. त्याने पाहिलं हे मीही पाहिलं. त्याचे ओठ किंचित उघडले. मग तो म्हणाला, "मॅडम, पाणी गरम आहे, जपून." मी हात पुसले आणि बाह्या खाली घेतल्या.

कारखाना बघून मी हरखून गेले. टोमॅटोच्या सूपचा घमघमाट सुटला होता. उघड्या कपांची लांबलचक रांग सरकत येत होती, वरून सूपची धार पडत होती, पुढे झाकण बसत होतं. जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्यावरून सुहास मला पुढे नेत होता आणि मी लहान मुलासारखी प्रश्न विचारत होते. हे यंत्र काय करतं? हे धातूचा कण शोधतं, मॅडम. सुईचं टोकसुद्धा पकडतं. आणि काच? काच या मशीनला दिसत नाही, तो म्हणाला आणि भराभर पुढे चालू लागला.

बाहेर पडायच्या दारापाशी भिंतीवर एक फळा होता आणि शेजारी पिवळ्या कार्डांचा डबा. कार्डाच्या डोक्यावर 'नियर मिस' असं छापलं होतं, म्हणजे थोडक्यात टळलेली गोष्ट. काय होता होता राहिलं, ते मला कसं दिसलं, आणि काय बदललं असतं तर ते घडलंच नसतं, अशा तीन चौकटी होत्या. घसरता घसरता वाचलेला माणूस ते लिहितो. चुकीचं लेबल लावता लावता थांबलेला माणूस ते लिहितो. फळ्यावर प्रत्येकाचं नाव आणि त्याने या वर्षात लिहिलेल्या कार्डांचा आकडा होता. कुणाची चौदा, कुणाची नऊ, ब्रेंडाची स्वतःची अकरा. सुहासच्या नावापुढे शून्य होतं.

कोट उतरवून, दागिने परत घालून आम्ही गाडीत बसलो. बाहेर भुरभुर बर्फ पडत होतं. माझ्या जाडजूड कोटावरून सीटचा पट्टा काही लागेना. तीनदा हिसका दिला तेव्हा कुठे तो खटकन बसला.

"ते शून्य काय भानगड आहे?" मी विचारलं.

"मॅडम, ते कार्ड म्हणजे चहाडी हो," सुहास रस्त्यावर नजर ठेवून म्हणाला. "आपल्या डेअरीत असं कुणी लिहून दिलं असतं तर त्याला पुन्हा कुणी चहाला हाक मारली नसती. आणि स्वतःची चूक लिहून द्यायची म्हणजे आपणच आपल्या पायावर धोंडा. तेही प्रोबेशनमध्ये!" मग म्हणाला, "तुमच्याच वर्गात नियम होता की. दुसऱ्याची तक्रार घेऊन येईल त्याने आधी स्वतः बाकावर उभं राहायचं."

असा नियम माझ्या वर्गात खरंच होता आणि मला त्याचा मोठा अभिमान होता.

त्याच दिवशी, चार वाजता

घरी आल्यावर केतकीने आलं घालून चहा दिला. मी कोट काढला, बाह्या वर केल्या आणि सोफ्यावर बसले. इरा माझ्या मांडीशी येऊन बांगड्या वाजवू लागली. दोन दिवसांत तो तिचा आवडता खेळ झाला होता.

"वन, टू, थ्री, फोर," तिने माझा डावा हात मोजला. मग उजवा. "वन, टू, थ्री." तिने पुन्हा मोजल्या. "आजी, व्हेअर इज द अदर वन?"

सुहासने चहाचा कप खाली ठेवला. त्याचा चेहरा इतका उतरला की केतकीने "काय झालं?" असं दोनदा विचारलं.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. माझ्या तोंडाशी एक वाक्य तयार झालं होतं. 'अरे, कासार एका हातात एक जास्तच भरतो, उजव्यात तीनच होत्या.' कासार तसं करतातही. सुहासने विश्वास ठेवला असता, कारण मी त्याची बाई. आणि सगळं तिथेच मिटलं असतं. मी तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात मला ती उघड्या कपांची रांग डोळ्यांपुढे दिसली, दुकानात इराच्या उंचीवरच्या फडताळात मिळतात तसले ते कप.

"चार होत्या," मी म्हणाले. "दोन्ही हातांत चार. सकाळी अंघोळीला होत्या."

"मॅडम, मी बघितल्या होत्या. सिंकपाशी."

"मला माहीत आहे तू बघितल्यास. मग बोलला का नाहीस?"

"तुम्हाला कसं सांगणार? सवाष्ण बाईला बांगड्या उतरवा म्हणून?" त्याचा आवाज चिरकला. "माझी जीभच उचलली नाही, मॅडम."

"कुठेही वाढवली असेल ती," केतकी घाईघाईने म्हणाली. फुटली म्हणायचं तिनेही टाळलं. "इथे कार्पेटवर असेल, ड्राइव्हवेमध्ये असेल. आधी नीट शोधू या. लगेच कशाला कुणाला सांगायचं? दहा दिवस राहिलेत, सुहास."

मी केतकीला दोष देत नाही. तिच्या जागी मी असते तर फोनच लपवून ठेवला असता.

सुहास घड्याळाकडे बघत उभा राहिला. "शोधत बसलो तर तोवर माल ट्रकमध्ये चढेल," तो म्हणाला आणि त्याने फोन लावला.

ते बोलणं मी जन्मात विसरणार नाही. ते इंग्रजीत होतं, पण असं: "ब्रेंडा, सुहास बोलतोय. दोन नंबरची लाईन थांबवा. अडीच ते तीनमधला सगळा माल अडवून ठेवा. माझ्या पाहुण्यांच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या. एक कमी आहे. ती कुठे फुटली माहीत नाही. मी त्या आत जाण्याआधी पाहिल्या होत्या आणि काही बोललो नाही." त्यात एकही 'कुड यू प्लीज' नव्हतं. मी शिकवलेलं एकही वाक्य नव्हतं. पलीकडून ब्रेंडा म्हणाली, "ओके. लाईन थांबवते. दोघेही या. तिचा कोट, स्वेटर, सगळं घेऊन या."

केतकी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिली, आमच्याकडे पाठ करून.

पुन्हा कारखान्यात

पाचच वाजले होते, पण बाहेर मिट्ट काळोख झाला होता. गाडीत पायाखाली पाहिलं, काही दिसलं नाही. कारखान्यात दोन नंबरची लाईन बंद होती आणि खोक्यांच्या ढिगाऱ्यांभोवती लाल पट्ट्या बांधल्या होत्या. चार माणसं विजेऱ्या घेऊन, मी चालले होते त्या पिवळ्या पट्ट्यावर ओणवी होऊन शोधत होती. माझ्या एका हौसेपायी. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

ब्रेंडाने माझ्या हातातल्या बांगड्या पाहिल्या. "एक अख्खी हवी आहे, मोजमापाला," ती म्हणाली. "निघते का?"

"निघत नाहीत," मी सवयीने म्हणाले. तिने सिंकवरच्या साबणाची धार माझ्या हातावर सोडली, अंगठा आत दुमडला आणि बांगडी अर्ध्या मिनिटात निघाली. मग उरलेल्या सहाही निघाल्या.

पाऊण तासाने लाईनवर काही सापडत नाही म्हटल्यावर ब्रेंडाने सुहासची गाडी शोधायला घेतली. पुढची सीट मागे सरकवली, विजेरी पट्ट्याच्या खाचेत मारली आणि मी ज्या ठिकाणी तीनदा हिसका दिला होता तिथे हिरवं चमकलं. तीन तुकडे सीटच्या फटीत होते आणि एक खाचेत.

प्रयोगशाळेतल्या टेबलावर तिने पांढरा कागद पसरला. अख्खी बांगडी मध्ये ठेवली आणि चिमट्याने एकेक तुकडा तिच्यावर बसवू लागली. आम्ही दोघं बघत होतो. वर्तुळ जवळजवळ पुरं झालं आणि तांदळाच्या दाण्याएवढी जागा रिकामी राहिली. तेवढ्याशा दाण्यासाठी बाहेर खोक्यांचे ढिगारे अडकले होते. ब्रेंडाने चष्मा पुसला, माझ्या स्वेटरची उजवी बाही दिव्याखाली उलटी केली आणि लोकरीत अडकलेला तेवढाच हिरवा कण चिमट्याने बाहेर काढला. तो जागी बसला. ब्रेंडाने फोन उचलून माल सोडायला सांगितलं. सुहास भिंतीला टेकून खाली बसला.

मी ब्रेंडाची माफी मागितली. तिने माझ्या सहीचा फॉर्म पुढे केला. दुसऱ्याच ओळीत लिहिलं होतं, कोणताही दागिना नको, कोणतीही काच नको. खाली माझी लफ्फेदार सही होती. चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलेल्या बाईची.

आता आलेच आहे तर विचारून घ्यावं म्हणून मी तिला विचारलं, "याचं कम्युनिकेशन सुधारायला हवं, असं तुम्ही लिहिलं होतंत. म्हणजे काय?"

ती आश्चर्याने बघत राहिली. मग म्हणाली, "याचं इंग्रजी माझ्या मुलापेक्षा चांगलं आहे. मला त्याची काळजी नाही. हा नऊ महिने इथे आहे आणि नऊ महिन्यांत याच्या डोळ्यांसमोर काहीच चुकलं नाही. म्हणजे याला दिसत नाही, किंवा दिसतं आणि हा बोलत नाही. यातलं कुठलं, ते मला कळत नव्हतं. दोन्हींची मला भीती वाटते."

मग तिने सुहाससमोर एक पिवळं कार्ड ठेवलं. तो लिहायला बसला. माझा हात सवयीने पेनाकडे गेला, तेव्हा त्याने कागदावर डावा पंजा आडवा धरला, परीक्षेत मुलं धरतात तसा. लिहून झाल्यावर त्याने मला वाचू दिलं. पाहुण्यांच्या हातात काच दिसली. त्या माझ्या शिक्षिका आहेत, म्हणून मी गप्प राहिलो. आणि काय बदललं असतं तर, या चौकटीत: 'आमच्याकडच्या बायका काचेच्या बांगडीला दागिना मानत नाहीत. फॉर्मवर बांगडीचं चित्र काढा. सिंकपाशी साबण आहेच, शेजारी बांगड्या काढून ठेवायला एक वाटी ठेवा. म्हणजे कुणाला तोंडाने सांगावं लागणार नाही. तरी पुढच्या वेळी मी तोंडाने सांगेन.'

ब्रेंडाने ते दोनदा वाचलं. "हे मला कधी सुचलं नसतं," ती म्हणाली. मग म्हणाली की नियम मोडला गेलाय, तिलाही वर कळवावं लागेल, आणि पुढे काय होईल याचं वचन ती देऊ शकत नाही.

निकाल

पुढचे नऊ दिवस कसे गेले ते विचारू नका. मी लंडनला एका दिवसात जाऊन आले. तिथल्या विद्यार्थिनीने रुग्णालय दाखवलं, नदी दाखवली, पण माझं चित्त ठिकाणावर नव्हतं, त्यामुळे लंडनविषयी मी काही सांगायला नालायक आहे. ग्वेल्फला शनिवारच्या बाजारात शेतकऱ्यांकडून सात जातींची सफरचंदं घेतली आणि घरात ती कुणीच खाल्ली नाहीत. केतकी माझ्याशी नेहमीसारखी गोड बोलत होती, त्याचंच मला जास्त वाईट वाटत होतं. माझ्या रिकाम्या हातांकडे इरा येता-जाता बघायची.

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी गुडघाभर बर्फ पडलं. सुहासची गाडी आली, पण तो आत येईना. खिडकीतून पाहिलं तर तो फावडं घेऊन बर्फ उपसत होता. "शोव्हल नंतर कर ना!" असं केतकी दारातून ओरडली. त्याने खिशातून एक पाकीट काढून तिच्या हातात दिलं आणि पुन्हा उपसायला लागला. डोळे पुसायला त्याला वेळ हवा होता, हे आम्हाला मागाहून कळलं.

तो पर्मनंट झाला होता. रिव्ह्यूच्या कागदावर कम्युनिकेशनच्या चौकटीत ब्रेंडाने काही लिहिलंच नव्हतं, तिथे फक्त त्या पिवळ्या कार्डाची झेरॉक्स टाचली होती. सोबत पाहुण्यांचा नवा फॉर्म होता. दुसऱ्या ओळीपुढे बांगडीचं चित्र होतं, सुहासने काढलेलं, जरा वाकडं. केतकी रडली, मी रडले, आणि मग आम्ही सातही जातींची सफरचंदं चिरून खाल्ली.

सांगली

परत आल्यावर दोनशे पानी वहीतल्या माझ्या सगळ्या जुन्या धड्यांवर मी काट मारली. शनिवारी संध्याकाळी वर्ग भरला. पडद्यावर आठ चौकोन, त्यांत ओटावाचा मंदार आणि ग्वेल्फचा सुहासही, त्यांच्याकडे सकाळ. मी सांगितलं की आजपासून आपल्या वर्गात कार्ड सुरू. या आठवड्यात थोडक्यात टळलेली स्वतःची एक चूक प्रत्येकाने चार वाक्यांत सांगायची. कोण सुरुवात करतं?

कुणीही करेना. सगळे चेहरे खाली. तेव्हा म्हटलं, ठीक आहे, आधी बाईच बाकावर उभी राहील. पाणी प्याले, माझं कार्ड हातात घेतलं आणि खणखणीत आवाजात वाचू लागले. मी न वाचता सही केली. माझ्या हातात काच होती. माझ्या विद्यार्थ्याला ती दिसली आणि तो बोलू शकला नाही, कारण बाईंची चूक बाईंना सांगायला मी त्याला कधी शिकवलंच नव्हतं. समोरची मंडळी माना डोलावत, अतिशय आदराने ऐकत होती. मला वाटलं, आज वर्ग खरा रंगला.

तेवढ्यात ग्वेल्फचा चौकोन उजळला.

"मॅडम," सुहास म्हणाला, "तुमचा माइक बंद आहे. पाणी प्यायलात तेव्हापासून."